मुलांना जाळ्यात ओढणाऱ्यांची भाषा: पालकांना नेमकं काय ओळखायला शिकवावं?

पाटीपेन्सिल:
नमस्कार. १० ते १४ वयोगटातल्या मुलांच्या पालकांसाठी दीड तासाचं सत्र तयार करते आहे. विषय ऑनलाइन ग्रूमिंगचा: मोठी माणसं गेममधून, चॅटमधून मुलांशी ओळख वाढवून त्यांचा लैंगिक गैरफायदा घेतात, तो. तयार साहित्य भरपूर मिळालं. त्यातल्या निम्म्या स्लाइड्सवर ‘धोक्याच्या शब्दांची यादी’ आहे आणि उरलेल्या निम्म्यांवर ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’. दोन्ही मला अपुरं वाटतं.

मला हे हवं आहे: शब्दांच्या यादीचा खरंच किती उपयोग होतो? नसेल होत, तर चॅट वाचताना नजर कुठे ठेवायची? मराठीतल्या गप्पांमध्ये काही वेगळं दिसतं का? कारण इंग्रजी उदाहरणांची भाषांतरं पालकांना नाटकी वाटतात आणि ‘आमच्या मुलाशी असं कोण बोलेल’ म्हणून ते सोडून देतात. आणि शेवटचं, मूल सांगायला आलंच तर पालकाच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघावं?

कृपया स्वतःचे अनुभव नकोत, तपशील हवेत.

वाक्यविचार:
यादी काढून टाका. ती नुसती निरुपयोगी नाही, ती नुकसान करते. यादी पाहिलेला पालक फोन चाळतो, एकही ‘घाण’ शब्द सापडत नाही आणि तो निर्धास्त होतो. खरा धोका असलेल्या चॅटमध्ये सुरुवातीचे शेकडो मेसेज अगदी साधे असू शकतात: ‘झोपली नाहीस अजून?’, ‘पेपर कसा गेला?’, ‘तुझं चित्र भारी आहे.’ हेच मेसेज आतेभाऊही पाठवतो. म्हणून शब्द काय आहे ते पाहू नका, ते वाक्य काय काम करतंय ते पाहा.

या कामांची वर्गवारी अभ्यासकांनी बरीच आधी केली आहे. रेचल ओकॉनेल यांनी २००३ मध्ये टप्पे मांडले: मैत्री जुळवणं, नातं घट्ट करणं, पकडलं जाण्याची शक्यता चाचपणं, ‘तू आणि मीच’ हा भाव, आणि मग लैंगिक बोलणं. पुढे नुरिया लोरेन्झो-दूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भाषाविज्ञानाच्या अंगाने तपासून दाखवलं की हे जिन्यासारखं एकेक पायरी चढणं नसतं. ते जाळं असतं. विश्वास कमावणं, एकटं पाडणं, ‘हा मुलगा ऐकतो का’ हे अजमावणं आणि लैंगिक हेतू हे धागे एकाच संभाषणात, कधी एकाच मेसेजमध्ये विणलेले असतात. पालकांना हे सांगायलाच हवं, कारण ‘आत्ता तर ओळखच झालीये, एवढ्यात काय होणार’ हा हिशेब चुकतो. काही संभाषणांत पहिल्या दिवशीच विषय घसरतो, काही ठिकाणी महिनोन्‌महिने काहीच होत नाही.

आता एकेक धागा.

विश्वास कमावण्याची भाषा म्हणजे स्तुती, पण कशाची स्तुती ते बघा. ‘तू छान गातोस’ ही साधी दाद झाली. ‘तू तुझ्या वयाच्या मुलांसारखा नाहीस, खूप समजूतदार आहेस’ ही दाद नव्हे, ही जागा बदलण्याची खटपट आहे. मुलाला त्याच्या वयातून उचलून मोठ्यांच्या रांगेत बसवलं की पुढे मोठ्यांचे विषय काढायला अडचण राहत नाही. दुसरी गोष्ट, आपलंच दुःख सांगणं. मोठा माणूस एका बारा वर्षांच्या मुलीला ‘मला समजून घेणारी तूच एक आहेस’ म्हणतो तेव्हा त्याला सांभाळायची जबाबदारी तिच्यावर येते. मग ती ‘नाही’ म्हणताना स्वतःचं रक्षण करत नसते. तिच्या लेखी ती एका दुःखी माणसाला टाकून जात असते.

एकटं पाडण्याचे दोन प्रकार आहेत. मनाचं एकटेपण: ‘घरच्यांना तुझी किंमत नाही’, ‘तुझ्या मैत्रिणी मागून हसतात’. यात बहुधा नवीन काही रचलेलं नसतं. मुलानेच आधी केलेली एखादी तक्रार जपून ठेवून परत दिलेली असते. आणि जागेचं एकटेपण: सगळ्यांच्या चॅटरूममधून खासगी चॅटवर, गेममधून दुसऱ्या ॲपवर, लिहिण्यावरून कॉलवर, ‘इथे लॅग होतंय’ असलं एखादं बिनमहत्त्वाचं कारण देऊन. कारण खरं की खोटं यावर वेळ घालवू नका. प्रत्येक हलण्यानंतर पाहणारे डोळे कमी झाले का, एवढंच मोजा.

चाचपणीचे प्रश्न हे माझ्या मते सगळ्यांत भरवशाचं लक्षण आहे, आणि नेमकं तेच पालकांच्या नजरेतून सुटतं, कारण त्यात काळजीचा सूर असतो. ‘तुझा फोन अजून कोणी बघतं का?’ ‘आई किती वाजता येते?’ ‘कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे की तुझ्या खोलीत?’ ‘चॅट डिलीट करतेस ना?’ मुलाच्या वयाच्या खऱ्या मित्राला आई किती वाजता येते हे विचारायचं कारण असू शकतं. चॅट कोण वाचतं याची वारंवार खात्री करून घ्यायचं कारण क्वचितच असतं.

आणि ऐकतो का ते अजमावणं. इथे जबरदस्तीचा सूर फार उशिरा येतो. आधी येतो उलटा डाव: ‘राहू दे, तुला नाही जमणार’, ‘नको असेल तर नको, मी समजू शकतो’, आणि मग दोन दिवस शांतता. मूल अस्वस्थ होतं, स्वतःहून मेसेज करतं, ‘सॉरी’ म्हणतं. पुढची मागणी त्या सॉरीवर उभी राहते. मागण्याही लहान लहान असतात. टोपणनाव सांग, आवाज ऐकव, उद्या अमुक रंगाचा शर्ट घालून फोटो टाक. त्या शर्टात त्याला रस नसतो. सांगितलं की होतं, हे त्याला पाहायचं असतं.

तेव्हा फक्त समोरच्याचे मेसेज वाचू नका. मुलाच्या बाजूला ‘सॉरी’ किती वेळा येतं, ‘मी मुद्दाम नाही केलं’, ‘आत्ता खरंच घरचे होते’ अशी स्पष्टीकरणं किती येतात, ते पाहा. बरोबरीच्या मैत्रीत हजेरी द्यावी लागत नाही.

काना_मात्रा:
वरच्याला पूर्ण दुजोरा. मराठीबद्दल विचारलंत म्हणून तेवढंच लिहितो.

पहिलं, ‘आपण’ आणि ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, आपल्याकडे ऐकणाऱ्याला आत घेणारा वेगळा आणि बाहेर ठेवणारा वेगळा. चॅटमध्ये ‘मी’ आणि ‘तू’ जाऊन ‘आपण’ कधी आलं, आणि त्याच सुमारास ‘तुझे आईबाबा’ जाऊन नुसतं ‘ते’ किंवा ‘घरचे लोक’ कधी झालं, हे शोधायला पालकांना सांगा. ‘आपलं त्यांना नाही कळणार’ या चार शब्दांत कुंपण घालून झालेलं असतं. मुलीला तिच्याच घराबाहेर काढलं आणि दुसऱ्या एका घरात घेतलं.

दुसरं, नात्याचे शब्द. मराठी मुलं मोठ्या ओळखीच्याला ‘दादा’, ‘काका’, ‘सर’ म्हणतात. जाळं टाकणाऱ्याला सुरुवातीला हे सोयीचं असतं, कारण ‘दादा’ म्हटलं की भीती निम्मी होते आणि अधिकार फुकट मिळतो. मग एका टप्प्यावर ‘दादा काय म्हणतेस, नावाने हाक मार’ येतं. वयाने बरोबरीच्या मुलांत हे सहज घडतं. पंचवीस-तिशीचा माणूस तेरा वर्षांच्या मुलीला सांगतो तेव्हा तो नात्यातली एक मर्यादा पुसत असतो. ‘अहो’वरून ‘अरे’वर यायचा आग्रहही त्याच जातीचा. ‘पिल्लू’, ‘बाळा’ ही लाडाची संबोधनं कुणाकडून आणि किती लवकर येतात तेही बघा.

तिसरं, शेपटीचा ‘ना’. हा बारकावा भाषांतरित स्लाइड्समध्ये येणं शक्यच नाही. मागणीची वाढती रूपं अशी दिसतात: ‘पाठव’, ‘पाठव ना’, ‘पाठवशील ना?’, आणि शेवटी ‘पाठवणार होतीस ना?’ शेवटच्या वाक्यात मागणी नाहीशी झाली आणि तिच्या जागी न दिलेला शब्द आला. मुलीला वाटतं आपण खरंच कबूल केलं होतं. ‘म्हणाली होतीस ना’, ‘ठरलं होतं ना’ अशी वाक्यं दिसली की मागे जाऊन बघा, ते खरंच कधी ठरलं होतं का. बहुतेक वेळा सापडणार नाही.

चौथं, लिंग. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं. ‘मी पण सातवीत आहे’ असं म्हणणारी मैत्रीण मध्येच ‘आलो’, ‘बघतोय’ लिहून गेली, तर थांबून विचार करावा. पण याला पुरावा मानू नका. काही भागांत मुलीही सर्रास ‘आलो, गेलो’ म्हणतात, हल्ली गमतीने म्हणणाऱ्याही पुष्कळ आहेत. आणि ज्याला लपवायचं आहे तो लिंग दिसणारच नाही अशी तुटक, अर्धइंग्रजी वाक्यं लिहितो किंवा भाषांतराचं ॲप वापरतो. घसरली तर खूण मिळते. नाही घसरली तर काहीच सिद्ध होत नाही. तसंच शुद्धलेखनाचं. मोडकीतोडकी भाषा म्हणजे फसवणूक आणि सफाईदार भाषा म्हणजे खरा मित्र, हे गणित यंत्रं लिहून द्यायला लागल्यापासून मोडलं आहे.

बिट_न_बाइट:
तांत्रिक बाजू. ‘मग ॲप का पकडत नाही?’ हा प्रश्न सत्रात हमखास येईल, म्हणून.

शब्द गाळणारी चाळणी रोमन लिपीतल्या मराठीपुढे लगेच हार मानते. ‘पाठव’ हा एक शब्द घ्या. मध्ये ‘एच’ घालून किंवा गाळून, एका ‘ए’ने किंवा दोन ‘ए’ने, शेवटी ‘व्ही’ किंवा ‘डब्ल्यू’. आठ रूपं इथेच झाली, आणि हा तर निरुपद्रवी शब्द. त्यात इमोजी, आकडे, व्हॉइस नोट, गेममधला थेट आवाज. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन असेल तिथे कंपनीला मजकूर दिसतच नाही.

नमुना शिकून ओळखणाऱ्या यंत्रांचीही मर्यादा आहे. या विषयावरची गाजलेली स्पर्धा २०१२ मध्ये ‘पॅन’ या उपक्रमात झाली. तिच्यातली गुन्हेगारांची संभाषणं प्रामुख्याने अशी होती, जिथे समोर मूल नव्हतं. मूल असल्याचं भासवणारी मोठी स्वयंसेवक माणसं होती. त्यामुळे जाळं टाकणाऱ्याची भाषा काही प्रमाणात शिकता येते, पण खरं मूल कसं अडखळतं, कसा विषय बदलतं, कसं गप्प होतं, हे त्या साठ्यात नीट सापडत नाही. म्हणून ‘पालक नियंत्रण’ ॲप टाकलं की झालं असं पालकांना वाटू देऊ नका. खरेदीवर, इन्स्टॉलवर, वेळेवर लगाम घालायला ते ठीक आहे.

त्यापेक्षा सेटिंगची तीन कामं सत्रातच करून घ्या: अनोळखी खात्यांकडून थेट मेसेज येणं बंद, फॉलोअर आणि मित्रांची यादी इतरांना दिसणं बंद, गेममधला व्हॉइस चॅट फक्त मित्रांपुरता. यादीचं महत्त्व पालकांना कळत नाही, म्हणून कारणही सांगा: धमकी देणाऱ्याचं मुख्य हत्यार म्हणजे ‘तुझ्या या सगळ्या ओळखीच्यांना पाठवीन’, आणि ती नावं तो तिथूनच उचलतो.

पुराव्याचं. इथे पालक घाईत जो घोळ घालतात तो नंतर निस्तरत नाही.

चॅट उडवू नका आणि जपून ठेवायच्या आधी ब्लॉक करू नका. काही ॲपवर ब्लॉक केलं की प्रोफाइल दिसेनासं होतं आणि खात्याची ओळख हातची जाते. स्क्रीनशॉटमध्ये वर दिसणारं नाव पुरेसं नाही, ते क्षणात बदलता येतं. प्रोफाइल उघडून युजरनेम, प्रोफाइलची लिंक, जिथे मिळतो तिथे अंकी आयडी टिपून ठेवा. डिस्कॉर्ड या गेमर मुलांच्या चॅट ॲपवर सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की तो अंकी आयडी कॉपी करता येतो, आणि युजरनेम बदललं तरी तो बदलत नाही. प्रत्येक शॉटमध्ये तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. चॅट मोठा असेल तर सलग शॉट घ्या, प्रत्येकात आधीच्याच्या शेवटच्या एक-दोन ओळी येऊ द्या, म्हणजे मधलं काही कापलं नाही हे दिसतं. स्नॅपचॅटसारखं ॲप स्क्रीनशॉटची वर्दी समोरच्याला देतं. तिथे दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा.

फोनचं नेट लगेच बंद केलं तर समोरच्याने ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलेलं तोवर या फोनवर पोचत नाही. मात्र आपोआप नाहीसे होणारे मेसेज लावलेले असतील तर ते घड्याळ नेट नसतानाही चालू शकतं, म्हणून तिथे आधी फोटो, मग बाकीचं. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या माणसाने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. रिपोर्ट करतानाच चॅट पुसायचा पर्याय समोर येऊ शकतो. बोट लावायच्या आधी वाचा.

सगळ्यांत महत्त्वाचं: मुलाचे स्वतःचे खासगी फोटो त्या चॅटमध्ये असतील तर त्यांचे शॉट काढू नका, कुणालाही पुढे पाठवू नका, तक्रारीसोबतही व्हॉट्सॲपवर नको. असे फोटो जवळ बाळगणं आणि पाठवणं हाच बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि पालक असल्याने सूट मिळेल असं धरून चालू नका. मजकुराचे शॉट घ्या, फोन आहे तसा पोलिसांकडे द्या.

आणि मुलाच्या खात्यावरून मूल बनून त्या माणसाला ‘पकडायला’ जाऊ नका. पालकाची भाषा तो दोन वाक्यांत ओळखतो, खातं बंद करतो, आणि जो पुरावा उरतो त्यात मुलाचं काय आणि पालकाचं काय हे वेगळं काढता येत नाही.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे आभार. ‘होतीस ना’ सत्रात नक्की घेणार. दोन गोष्टी राहिल्या. एक, पालकाचं पहिलं वाक्य. दुसरी, वर जे आलं ते बहुतेक मुलींना धरून आहे. मुलग्यांच्या पालकांना काय सांगू?

कान_देऊन:
पहिल्या वाक्याबद्दल मी लिहिते.

मूल सांगतं तेव्हा सगळं सांगत नाही. ते एक तुकडा टाकून बघतं. ‘एक जण मला सारखा मेसेज करतो’ हा तो तुकडा. त्यावर पालकाचा चेहरा आणि पहिली दोन वाक्यं बघून उरलेलं सांगायचं की नाही ते ठरतं. म्हणून वाक्य आधीच ठरवून, तोंडाने म्हणून बघायला लावा. सत्रातली दहा मिनिटं यालाच द्या, पालकांना जोडीजोडीने बसवा.

‘बरं झालं सांगितलंस. तुझ्यावर रागावले नाहीये. आता हे आपण दोघी बघू.’ एवढं पुरे. पुढचा प्रश्न ‘मग काय झालं?’ किंवा ‘अजून काही सांगायचंय?’ एवढाच.

टाळायचे ते ‘का’चे प्रश्न. ‘का बोललीस?’, ‘का पाठवलास?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ मराठीत असा ‘का’ कारण विचारत नाही, तो जाब विचारतो. ‘कशाला’ तर त्याहून वाईट. मूल लगेच बचावात जातं आणि बचाव करताना माहिती लपवतं. तसंच ‘त्याने तुला अमुक करायला सांगितलं का?’ असे उत्तर पुरवणारे प्रश्नही नकोत. घाबरलेलं मूल ‘हो’ म्हणून मोकळं होतं, आणि पुढे तपासात हे उत्तर तिचं की आईचं असा वाद निघतो. खोलात विचारायचं काम त्यासाठी शिकलेल्या माणसांचं. पालकांनी मुलाचे शब्द मुलाच्याच भाषेत, वेळेसह लिहून ठेवायचे. सुधारून नाही. मूल ‘ते’ म्हणालं असेल तर ‘ते’च लिहा.

‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. ‘कुणाला सांगायचं ते आधी तुला सांगेन’ हे देता येतं. फोन काढून घेईन ही धमकी तर अजिबात नको. मुलं न सांगण्याचं एक मोठं कारण तेच असतं, आणि समोरचाही हेच बजावत असतो: ‘सांगितलंस तर फोन जाईल.’ पालकांनी फोन काढून घेतला की त्याचं बोलणं खरं ठरतं. तपासासाठी फोन द्यावाच लागला तर ती शिक्षा नाही हे सांगून, दुसरी काही सोय करून मगच.

मुलांना काय शिकवायचं? सुटकेचं वाक्य, पण कारणाशिवाय. ‘मला हे नको. जातो.’ कारण दिलं की समोरच्याला वाद घालायला माती मिळते: ‘आई रागावेल’ म्हटलं तर ‘आईला कळणारच नाही’, ‘भीती वाटते’ म्हटलं तर ‘माझ्यावर विश्वास नाही?’ चांगल्या वळणाच्या मुलांना असं तोडून बोलायची सवय नसते, मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. म्हणून मोठ्यांनीच आधी मोकळीक द्यायला हवी: ऑनलाइन कुणालाही, कितीही मोठा असला तरी, उत्तर न देता निघून गेलास तर ते उद्धटपणात धरणार नाही.

लहान मुलांसाठी गुपित आणि सरप्राइज यांतला फरक. सरप्राइज कधीतरी उघड व्हायचंच असतं. जे कधीच उघडायचं नाही असं मोठा माणूस सांगतो, ते घरी सांगायचं.

वाक्यविचार:
मुलग्यांबद्दल. तिथे वरच्या संथ जाळ्याखेरीज आणखी एक प्रकार बघायला हवा, पैशासाठी केलेली लैंगिक खंडणी. अमेरिकेच्या एफबीआयच्या इशाऱ्यांनुसार तिचं मुख्य लक्ष्य १४ ते १७ वयाची मुलं, म्हणजे मुलगे आहेत. भाषा पूर्ण वेगळी. समवयस्क मुलीच्या नावाचं खातं, स्तुती थोडी, घाई खूप. ती आधी स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते, मग ‘आता तुझी पाळी’. फोटो गेला की त्याच मिनिटाला सूर पालटतो. मित्रयादीचे शॉट, आकडा, उलटी मोजणी: ‘दहा मिनिटं’, ‘नऊ’, ‘आठ’. वाक्यं तयार साच्यातली, एकामागून एक चिकटवलेली. ओळख ते धमकी हा प्रवास काही तासांतच उरकतो, त्यामुळे ‘वागण्यात बदल दिसतो का ते बघा’ हा नेहमीचा सल्ला इथे कामाला येत नाही. बघायला वेळच नसतो.

मोजणीचा हेतू एकच, मुलाने दुसऱ्या कुणाशी बोलू नये. म्हणून मुलग्यांना आधीच सांगून ठेवायचं ते हे: घड्याळ लावणारा माणूस दिसला की उत्तर बंद, फोन घेऊन घरच्या मोठ्याकडे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पैसे देऊ नयेत. दिले की मागणी थांबत नाही, वाढते, कारण हा देणारा आहे हे कळलेलं असतं. आधीच दिले असतील तर पावत्या, व्यवहार क्रमांक, गिफ्ट कार्डाचे क्रमांक जपून ठेवा.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा, आडवळणाने नको. अशा धमकीनंतर मुलांनी आत्महत्या केल्याच्या घटना घडल्या आहेत. पहिले काही तास आणि ती रात्र मुलाला एकटं सोडू नका, खोलीत कुणीतरी झोपा. ‘यातून मार्ग निघतो, तुझ्यासारख्या पुष्कळ मुलांना असंच फसवलंय’ हे वाक्य त्या रात्री तक्रारीच्या फॉर्मपेक्षा महत्त्वाचं.

बिट_न_बाइट:
त्याला जोडून: अमेरिकेतल्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन’ची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा २०२३ पासून आहे, १८ वर्षांखाली काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठी. फोटो अपलोड होत नाही. तुमच्याच उपकरणावर त्याचा हॅश, म्हणजे अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. नाव द्यावं लागत नाही. मर्यादाही सांगा: सहभागी नसलेल्या साइटवर उपयोग नाही, एन्क्रिप्टेड चॅटमध्ये उपयोग नाही, आणि फोटो कापला किंवा बदलला की ठसा जुळेलच असं नाही. यासाठी मूळ फोटो मुलाच्या फोनवर असावा लागतो, म्हणून घाबरून पुसून टाकायच्या आधी हे करून घ्या.

उलटतपासणी:
एक विरोधी मुद्दा. हे सगळं ऐकून पालक प्रत्येक क्लासच्या सरांवर आणि गेममधल्या प्रत्येक मित्रावर संशय घ्यायला लागतील. कोचही स्तुती करतो, कोचही ‘वयापेक्षा समजूतदार’ म्हणतो, एकट्याला मेसेजही करतो. शिवाय ‘अनोळखी’ हा शब्द दिशाभूल करतो, कारण जाळं टाकणारा बऱ्याचदा आधीपासून ओळखीचा असतो, कधी वयाने दोन-तीन वर्षांनीच मोठा असतो. आणि जो अनोळखी होता, तोही दहा दिवसांत मुलाच्या लेखी मित्र झालेला असतो; ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ ही सूचना त्याला लागूच होत नाही.

म्हणून एकट्या लक्षणावर निकाल देऊ नका. मला कामाला येते ती कसोटी अशी: हेच बोलणं पालकांच्या ग्रुपवर झालं असतं तर चाललं असतं का? आणि पालक म्हणाले की ‘सर, मलाही या चॅटमध्ये घ्या’, तर समोरचा काय करतो? सरळ माणूस घेतो, फार तर थोडा अवघडतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस मुलाला सांगतो की तुझ्या आईचा तुझ्यावर विश्वास नाही.

पाटीपेन्सिल:
हे पटलं, ‘अनोळखी’ची स्लाइड गेली. शेवटचं विचारते. सत्रात एखादा नमुना चॅट दाखवावा का? खरे चॅट जालावर आहेत, पण ते दाखवावेसे वाटत नाहीत.

काना_मात्रा:
खरे दाखवू नका. एक तर ते कुणाच्या तरी मुलाचे असू शकतात, दुसरं म्हणजे त्यातला शेवटचा भाग इतका भडक असतो की पालकांना तेवढाच लक्षात राहतो आणि ओळखायचं असतं ते त्याच्या बरंच आधी.

स्वतः बारा मेसेजचा एक लिहा, एकही लैंगिक शब्द न घालता. गेममधली ओळख, एक दाद, मुलाची घराबद्दलची तक्रार, तीच तक्रार परत, दुसऱ्या ॲपवर चल, फोन कोण बघतं, दोन दिवस गप्प, मुलाचं सॉरी, ‘ठरलं होतं ना’. कागदावर छापून वाटा आणि पालकांना सांगा, जिथे तुम्ही मध्ये पडला असता तिथे पेनने रेघ मारा. कुणाशी न बोलता, दोन मिनिटांत. मग कागद गोळा करून फळ्यावर मोजणी मांडा. ज्यांची रेघ ‘फोन कोण बघतं’च्या खाली आहे, त्यांच्याशी उरलेला वेळ बोला.